एक कप्पा रिकामा ठेव

भाच्या, नव्या बंबाची चासी बॉडी बांधणाऱ्याकडे गेली आणि "साहित्य कुठं कुठं बसवायचं ते येऊन सांगा" असा निरोप तुला आला, हे ऐकून बरं वाटलं. आमच्या वेळी कुणी विचारत नव्हतं. गाडी तयार होऊन यायची, हार पडायचा, नारळ फुटायचा, आणि पाहुणे गेल्यावर आम्ही हातात पहार घेऊन गाडीभोवती फेऱ्या मारायचो. ठेवायची कुठं? शेवटी ती सीटच्या मागं जायची आणि दर खड्ड्याला पाठीत वाजायची.

मी सगळी नोकरी स्टिअरिंगवर आणि पंपाच्या पॅनेलपाशी काढली. पुस्तकातलं तुला प्रशिक्षणात शिकवलं असेल. मी सांगतोय ते चुकून-माकून शिकलेलं आहे. जाताना वहीत लिहून घेऊन जा, कारण तिथं गेल्यावर चहा येतो, गप्पा होतात आणि विचारायचं राहून जातं.

आधी वर्दीचं रजिस्टर वाच

बॉडी बांधणारा राज्यभर गाड्या देतो. त्याच्याकडे एक ठरलेला आराखडा असतो आणि त्यात तो तुझी गाडी बसवणार. त्याचा दोष नाही. आपल्या जत तालुक्यात काय पेटतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? ते तू न्यायचं.

मागच्या दोन-तीन वर्षांचं वर्दी रजिस्टर काढ आणि प्रत्येक वर्दीपुढं लिही : सगळ्यात आधी हातात काय घेतलं? आपल्याकडं काय निघेल ते मी आत्ताच सांगतो. कडब्याच्या गंज्या, गोठे, तारांच्या ठिणगीनं पेटलेले उसाचे फड, उन्हाळ्यात बेदाण्याची शेड, गुहागर-विजयपूर महामार्गावरचे अपघात, आणि विहिरीत पडलेली माणसं-जनावरं. मुंबईचा बंब दहाव्या मजल्याचा विचार करून सजवतात. आपल्याला वर चढण्यापेक्षा खाली उतरायची वेळ जास्त.

दुसरं म्हणजे अंतर. उमदी-संखपासून डफळापूर-कोसारीपर्यंत शंभराहून जास्त गावं, आणि सांगली-मिरजेहून दुसरी गाडी निघाली तरी पोचायला दीड-दोन तास. तोवर गाडीवर जे असेल तेच तुझं. म्हणून यादी रजिस्टरवरून कर, कॅटलॉगवरून करू नकोस.

खडूनं आख, मग पत्रा काप

यादी झाली की सगळं साहित्य अंगणात काढ. होज, होजच्या तोंडाची ब्रँच, सक्शन, स्ट्रेनर, टिकाव, फावडी, पहार, सीलिंग हुक, दोर, श्वसनाचे बीए सेट, फोमचे कॅन, सगळं. फरशीवर खडूनं कप्प्यांच्या मापाचे चौकोन आख आणि त्यात वस्तू मांड. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे उभे करून कप्प्याची उंचीही कर. मग एकेक वस्तू हातमोजे घालून बाहेर काढून बघ. उघड्या हातानं सहज निघणारा क्लिप जाड मोज्यात निघत नाही. हे घरी कळलं तर हसू येतं. आगीपुढं कळलं तर त्या क्लिपवर दगड घालावासा वाटतो.

एकदा रात्री दिवे घालवून हेच कर. नव्या पोराला सांग, "ब्रँच आण." तो किती वेळ चाचपडतो ते मोज. जे दुसऱ्यांदाही सापडलं नाही, त्याची जागा चुकली.

वस्तूचं माप घेताना तिच्याभोवती बोटं जातील एवढी जागा सोड. होज कोरडा असताना घट्ट बसतो. आगीवरून आल्यावर ओला, चिखलानं फुगलेला होज त्याच कप्प्यात घालायचा असतो, हे विसरलं की परतताना अर्धे होज टपावर आणि अर्धे केबिनमध्ये.

वजनाची गोष्ट

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. साडेचार हजार लिटरची टाकी भरली की साडेचार टन पाणीच झालं. वर टाकीचं लोखंड, पंप, माणसं, साहित्य. म्हणून जड वस्तू खाली आणि मागच्या-पुढच्या चाकांच्या मधे. सुटा पंप, हायड्रॉलिक कटर, फोमचे कॅन यांना टपावर जागा दिलेली दिसली तर तिथंच थांबव. वजन जेवढं वर, तेवढी गाडी वळणावर झुकते. सुट्या पंपाला खालच्या कप्प्यात सरकता ट्रे माग, म्हणजे दोघांना कंबर न मोडता उचलता येईल. ट्रे बाहेर काढल्यावर तिथंच अडकेल आणि आत ढकलल्यावरही अडकेल, अशी दोन्हीकडं कडी हवी. चढावर सुटलेल्या ट्रेनं पाय चेमटताना मी पाहिलाय.

टाकीच्या आतल्या आडव्या-उभ्या पडद्यांबद्दल विचार. त्यांना बॅफल म्हणतात. ते नसले की अर्धी टाकी पूर्ण टाकीपेक्षा वाईट, कारण ब्रेक मारला की पाणी पुढं धावतं आणि गाडी तुझं ऐकत नाही. टाकी बंद करण्याआधी आत टॉर्च मारून स्वतः बघ. नंतर कुणी उघडून दाखवत नाही.

गाडी ताब्यात घेण्याआधी वजनकाट्यावर ने. टाकी भरलेली, साहित्य चढवलेलं, माणसं बसलेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घे, मग फक्त मागची. आकडे चासीच्या कंपनीनं प्रत्येक आसाला दिलेल्या मर्यादेत आहेत का बघ. मग एका अंगाची चाकं आणि दुसऱ्या अंगाची. उसाच्या ट्रका रोज काट्यावर जातात, बंबाला मात्र कुणी नेत नाही. डावं-उजवं जास्त जुळत नसेल तर साहित्य इकडचं तिकडं करायची वेळ तीच. रंग झाल्यावर कुणी हात लावू देत नाही.

चासीला भोक पाडू देऊ नकोस

चासीचे लांब दांडे म्हणजे गाडीचा कणा. त्याच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडलं किंवा वेल्डिंग केलं की तिथून तडा सुरू होतो. कंपनीनं दिलेली भोकं वापरायची, नाहीतर यू-बोल्ट.

आपल्या गाडीवाटांवर एक चाक ओढ्यात आणि एक बांधावर असतं, तेव्हा चासी पिळते. ती पिळायलाच हवी, तशीच बनवलेली असते. टाकी मात्र पिळत नाही. म्हणून दोघांच्या मधे सबफ्रेम आणि रबरी पॅड किंवा स्प्रिंगचे बोल्ट हवेत. टाकी थेट कसून बसवलेली एक गाडी मी चालवली. वर्षाच्या आत शिवणीतून पाणी झिरपायला लागलं आणि आम्ही टाकीला दोष देत राहिलो. दोष बसवणुकीचा होता.

आतल्या ब्रॅकेटांना वेल्डिंगपेक्षा नट-बोल्ट बरे, कारण साल-दोन सालांत जागा बदलावीशी वाटतेच. नट आत नायलॉनची कडी असलेले किंवा स्प्रिंग वॉशर घातलेले. पहिल्या महिन्यात सगळे पुन्हा आवळ. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लोखंडी ब्रॅकेट येत असेल तर मधे रबराचा तुकडा घाल. दोन धातू ओलीत एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. आपलं क्षाराचं पाणी असलं की आणखी लवकर.

वायर पत्र्यातून जाते तिथं रबरी बूच आहे का, बोट फिरवून बघ. नसेल तर पत्र्याची धार सालपट काढते, शॉर्ट होतो, आणि बंबच पेटला तर वर्दी कुणाला द्यायची? बॅटरी तोडायचं बटण चालकाच्या हाताशी हवं. दोर आणि फोम सायलेन्सरपासून लांब. आणि मूळ रचनेत काही बदल करायचा झाला तर आधी आरटीओकडं विचार, मागून निस्तरत बसू नकोस.

डावी बाजू, कंबरेची उंची

आपण रस्त्याच्या डावीकडून जातो. महामार्गावर अपघाताला गाडी उभी केली की उजव्या अंगानं ट्रक सुसाट जात असतात. म्हणून अपघाताचं साहित्य, म्हणजे कटर, पहार, स्ट्रेचर, प्रथमोपचार पेटी, डाव्या कप्प्यात. उजवीकडं कमी लागणारं. रस्त्यावर ठेवायचे शंकू मात्र मागच्या दारापाशी, कारण ते सगळ्यात आधी उतरतात.

रोज लागतं ते गुडघा ते खांदा या उंचीत. त्यासाठी चढावं लागत असेल तर जागा चुकली. शटर उघडल्यावर आत दिवा लागला पाहिजे, आणि शटर नीट बंद नसेल तर केबिनमध्ये लाल दिवा लागला पाहिजे.

शिडी टपावर जाणार, त्याला इलाज नाही. पण ती मागून जमिनीवर उभं राहून ओढता येईल अशी रोलरवर बसवून घे. गावातल्या गल्लीत तारा लोंबतात. अंधारात एक माणूस टपावर चढून ॲल्युमिनियमची शिडी उभी करतोय, हे चित्र मला अजून झोपेत दिसतं. तसंच शिडीसह गाडीची पूर्ण उंची मोजून चालकाच्या डोळ्यांपुढं ठळक आकड्यांत लिहून घे. गावागावांत कमानी आहेत, आणि घाईत डोळ्यांना सगळ्याच कमानी उंच दिसतात.

वाजणारी वस्तू झिजते

कच्च्या रस्त्यावर गाडी वाजायला लागली की समजायचं, काहीतरी झिजतंय. ब्रँचच्या तोंडाला खड्डा पडतो, कपलिंगचा काठ वाकतो, आणि कपलिंग लागत नाही हे आगीपुढं कळतं. प्रत्येक ब्रॅकेटला जुन्या ट्यूबचे पट्टे लाव. फुकट मिळतात आणि बाजारातल्या अस्तराइतकंच काम करतात. कप्प्याच्या तळाला भोकांची जाळी किंवा लाकडी पट्ट्या, खाली पाणी निघायला वाट. बंद ओल्या कप्प्यात होज कुजतो आणि उंदराला घर मिळतं.

ड्राय पावडरचे सिलिंडर उभे बसव, पण एवढे घट्ट नको की हलवून बघायला कुणी काढणारच नाही. गाडीच्या हादऱ्यानं पावडर तळाला दबून बसते. दर आठवड्याला काढून उलटसुलट करावे लागतात.

केबिनमध्ये एकही वस्तू मोकळी नको. अमेरिकेत बंबांच्या मानकात असं आहे, की केबिनमधलं साहित्य त्याच्या वजनाच्या नऊपट झटक्यानं पुढं ओढलं गेलं तरी जागचं सुटू नये. म्हणजे दहा किलोच्या बीए सेटची पकड नव्वद किलोचा हिसका सोसणारी हवी. कुऱ्हाड सीटमागं ठेवणाऱ्याला हा हिशेब सांग. धारेला चामड्याचं म्यान आणि जागा बाहेरच्या कप्प्यात.

पाणी भरायची सोय

बाकी सगळं विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस. जतमध्ये आग विझवणं म्हणजे निम्मं काम पाणी शोधणं. साडेचार हजार लिटर पाणी मिनिटाला साडेचारशेच्या वेगानं सोडलंस तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. होज रीलनं मिनिटाला शंभरभर सोडलंस तर पाऊण तास पुरतं. म्हणून होज रील सगळ्यात सोयीच्या जागी, एका माणसाला ओढता येईल अशी आणि वळताना कशात न अडकणारी.

आता विहीर. सक्शननं पाणी ओढायला निसर्गाचीच मर्यादा आहे. हवेचा दाब पाणी दहा मीटरपर्यंतच ढकलतो, प्रत्यक्षात सातच धर. सात मीटर म्हणजे तेवीस फूट. उन्हाळ्यात आपल्या विहिरींचं पाणी कुठं असतं? सक्शनचे दोन पाइप जोडून काठावर प्रायमर मारत बसणारे मी पाहिलेत. पंपाला दोष देऊन उपयोग नाही. तिथं शेतकऱ्याची मोटरच कामाची. पण तिचा पाइप आणि आपलं कपलिंग जुळत नाही.

1904 साली अमेरिकेत बाल्टिमोर शहर पेटलं. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून बंब धावून आले आणि त्यांचे होज तिथल्या हायड्रंटला बसेनात, कारण ज्याचं त्याचं माप वेगळं. तीस तासांवर आग चालली, दीड हजारांच्या आसपास इमारती गेल्या. आपल्याकडं बंबाबंबांत ही अडचण नाही, भारतीय मानकाचं 63 मिलिमीटरचं कपलिंग सगळीकडं एकच. सांगलीचा होज आपल्या गाडीला लागतो. अडतं ते शेतातल्या पाइपाशी. म्हणून लेथवाल्याकडून अडीच, तीन आणि चार इंची पाइपाचे जोड करून घे, दुसऱ्या टोकाला आपलं कपलिंग. टँकरच्या नळीचाही एक जोड कर. टंचाईत गावोगाव टँकर फिरतात, आगीच्या वेळी तेच आपले धावते हौद. हे सगळे जोड पंपाच्या पॅनेलशेजारी खुंटीवर, साखळीनं बांधलेले. टाकीचं वरचं झाकणही एवढं मोठं ठेव की टँकरचा पाइप थेट आत सोडता येईल.

तलावातून भरायचं असेल तर स्ट्रेनरला बाहेरून जाळीची टोपली हवीच. तळाचा गाळ एकदा पंपात गेला की सगळा उन्हाळा तो काढण्यात जातो.

गंजी, शेड आणि विहीर

कडब्याच्या गंजीवर वरून पाणी मारलं की ते वरच्या वर ओघळतं आणि आत धग तशीच राहते. पहाटे पुन्हा वर्दी. गंजी उसकटावी लागते. म्हणून लांब दांड्याची दाताळी आणि आकड्या गाडीच्या बाहेरच्या अंगाला, शटर न उघडता काढता येतील अशा. शेतकरी मदतीला धावतो तेव्हा त्याच्या हातात ती आधी गेली पाहिजेत. फोमचा छोटा कॅन जवळ ठेव. पाण्यात थोडा फोम मिसळला की ते कडब्याच्या आत मुरतं.

बेदाण्याच्या शेडला जाळ्यांचे थरावर थर, भोवती शेडनेट आणि प्लॅस्टिक. भडकते लवकर आणि वितळलेलं प्लॅस्टिक वरून गळतं. धुरीच्या वेळी गंधक जळत असेल तर आत सल्फर डायऑक्साइड, एका श्वासात माणूस गुदमरतो. रुमाल बांधून कुणी आत जायचं नाही. बीए सेट अशा जागी बसव की गाडी पोचेपर्यंत अंगावर चढवता येईल, आणि काढता काढता नळीला गाठ पडणार नाही. जुन्या, बंद विहिरीत उतरतानाही हाच सेट. खाली हवा आहे असं पाण्याकडं बघून वाटतं, असतेच असं नाही.

विहिरीसाठी तिकाटणं, पुली, दोन चांगले दोर. जनावरासाठी रुंद कॅनव्हासचे पट्टे वेगळे ठेव. बैलाला दोरानं उचललं तर दोर पोटात रुततो. हे दोर टोइंगला वापरू नकोस, लाल रंगाची पिशवी कर आणि वर लिही : "फक्त माणसांसाठी". पट्ट्यांची पिशवी वेगळ्या रंगाची.

अक्षरांपेक्षा चित्रं

तालुक्याच्या पूर्वेला गेलास की आरोळी "बेंकी, बेंकी" अशी येते आणि पाण्याला "नीरु" म्हणतात, विहिरीला "बावी". मदतीला येणाऱ्या दहा माणसांतली निम्मी कानडी बोलणारी असतात, निम्म्यांना घाईत वाचायची सवड नसते. म्हणून प्रत्येक कप्प्याच्या दारावर आतल्या वस्तूचं चित्र रंगवून घे. आत पाठीमागच्या पत्र्यावर प्रत्येक वस्तूची पांढरी बाह्यरेषा. परतताना एक रिकामी आकृती दिसली की कळतं, दाताळं शेतातच राहिलं. ड्युटी बदलताना मोजणी दोन मिनिटांत होते. प्रत्येक कप्प्याचा फोटो काढून केबिनमध्ये चिकटव.

14 एप्रिलला आपण 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटातल्या 66 शहीद जवानांना मानवंदना देतो. त्या दिवशी गाडी धुतली-पुसली जातेच. तू आणखी एक कर. सगळे कप्पे रिकामे करून, प्रत्येक ब्रॅकेट हातानं ओढून बघ आणि पुन्हा भर.

ताब्यात घेताना

रंगाआधी एक फेरी, रंगानंतर एक. रंगाआधी टाकी भरून रातभर ठेवायला सांग आणि सकाळी खाली वाकून शिवणी बघ. संध्याकाळी भरलेली टाकीही स्वतः बघून ठेव, "काल भरली होती" हे ऐकून घेऊ नकोस. स्टेपनी कुठं आहे आणि ती काढायला काय काय उतरवावं लागतं, हे करून दाखवायला सांग. सांगण्यावर जाऊ नकोस, करून दाखवायलाच सांग. मग गाडी खडीच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर चालव, कप्प्यांत कान देऊन. थांबल्यावर शटर उघड. जागचं हललेलं प्रत्येक साहित्य वहीत लिही, खाली बॉडी बांधणाऱ्याची सही घे.

आणि शेवटचं. बॉडी बांधणारा विचारेल, "हा कप्पा मोकळाच राहिला, यात काय देऊ?" त्याला सांग, काही नको. साहेब म्हणतील जागा वाया जाते. जाऊ दे.

आमच्या गाडीवर असा एक कप्पा योगायोगानं राहिला होता. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही त्यात पिण्याच्या पाण्याचा जार ठेवला, कारण टाकीत साडेचार हजार लिटर असूनही घसा कोरडा पडायचा. ते पाणी पिण्याचं नव्हतं. पुढच्या साली एका विहिरीवर जनावराचे पट्टे नव्हते म्हणून हात चोळत उभं राहिलो, आणि आठवड्याच्या आत पट्टे त्या कप्प्यात आले. जार सरकला केबिनमध्ये. तुझ्या कप्प्यात काय जाईल ते मला सांगता यायचं नाही. दोन पावसाळे जाऊ देत, तालुकाच सांगेल. तोवर जार मात्र भरून ठेव.